रूपीबाईच्या कुडावरचा हात

“आतला माणूस कामात आहे. त्याला हाक मारू नका.”

रूपीबाई हे दिवसातून चारदा तरी बोलायची. गुडघा धरून कोणी तिच्या ओट्यावर बसला आणि “काय शिरलंय ह्यात कोण जाणे” म्हणाला, की ती त्याच्या तोंडापुढे आपला पंजा धरायची. मग शेजारी मूल झोपलेलं असावं तशा हळू आवाजात हे वाक्य बोलायची. पहिल्यांदा आलेला माणूस हसायचा. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की त्याचं हसू अर्ध्यावर थांबायचं.

घरात ती मावची बोलायची, बाजारात गुजराती, चर्चच्या पाळकांशी मराठी. इथे तिचं बोलणं सरळ मराठीत उतरवलं आहे. शब्द बदलले, पण चाल तिचीच ठेवली आहे.

आमचा पाडा नवापूरच्या टेकड्यांत, रंगावली नदीकडे उतरणाऱ्या अंगाला. सिमेंटची घरं आता झाली आहेत, पण तेव्हा निम्म्याहून जास्त घरं कुडाची होती. बांबूच्या कामट्या विणून भिंत उभी करायची आणि तिला दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. पावसाळ्यात ती माती फुगते, सुटते. पाऊस सरला की बाया खुरप्याने जुनी माती खरवडून काढतात आणि नवी लावतात. ज्या घरात दरवर्षी दोन्ही कामं होतात, तिथला कूड तीन पिढ्या उभा राहतो. जिथे नुसतं खरवडणं होतं आणि लिंपणं राहून जातं, तिथे दोन वर्षांत कामट्या दिसायला लागतात, आणि घरातला दिवा रस्त्यावरून दिसतो.

रूपीबाईचं सगळं ज्ञान ह्या भिंतीतून आलेलं होतं. तिचा सासरा बारक्या औषधाला झाडांची साल काढणारा होता. बिबळ्याच्या झाडाच्या सालीचं पाणी तो सुजलेल्या सांध्यांना द्यायचा. त्याने तिला शिकवलं होतं की माणसाच्या प्रत्येक सांध्यात एक माणूस राहतो. तो जुनं खरवडतो, नवं लिंपतो. जखम भरते ती त्याच्यामुळे, मोडलेलं हाड जुळतं ते त्याच्यामुळे. आयुष्यभर तो कधी दिसत नाही, ऐकू येत नाही. पण त्याला कोणी चिडवलं, नावाने हाक मारली, तर तो लिंपायचं सोडतो आणि नुसता खरवडत बसतो. मग आतल्या कामट्या दिसायला लागतात.

सीमेपलीकडच्या गुजरातेतल्या गावातून ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली. तिचा नवरा लवकर गेला. बारक्याला दुसरा मुलगा नव्हता, म्हणून त्याने सुनेला शिकवलं. अकरा वर्षं शिकवलं. साल घ्यायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, “उद्या आमच्या घरी ये, काम आहे.” सकाळी जाऊन वीतभर साल काढायची, वितीपेक्षा जास्त नाही. बिबळ्याला घाव बसला की लाल पाणी येतं, थेट रक्तासारखं. ते थांबेपर्यंत तिथे उभं राहायचं. मग घावावर माती लावायची आणि मागे न बघता परत यायचं.

घर ख्रिस्ती होतं. रविवारी रूपीबाई पहिल्या रांगेत बसायची. झाडाला तांदूळ ठेवते हे पाळकांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी विषय काढलाही होता.

“रूपीबाई, झाडाला आमंत्रण देता म्हणे?”

“देते. तुमच्या गुडघ्यासाठी दिलं होतं गेल्या महिन्यात. परत घेऊ का?”

पाळकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मीही तेव्हा तिथे होतो, आणि पाळक ओट्यावरून कुठेही हात न टेकता उठले हे मी बघितलं.

तर अशी ती बाई. उंच, काळी, सुपारीच्या खोडासारखी ताठ. खरं सांगायचं तर थोडी गर्विष्ठ. माझ्या ओट्यावरून कोणी रडत गेला नाही, असं ती म्हणायची आणि ते बव्हंशी खरं होतं. ते खोटं पडलं तिच्या स्वतःच्या घरात.

तिचा मुलगा दानियल. त्याची बायको प्रिस्किला, दहावी शिकलेली, हसरी, भाकरी अशी थापायची की तव्यावर टाकायच्या आधी बाया ती बघायला यायच्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिची बोटं सुजली. सांधे भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. मग मनगट सुजलं, मग उजवा गुडघा. रूपीबाईने बिबळ्याचं पाणी दिलं, लेप लावले. उतार पडायचा, पुन्हा चढायचं. शेवटी दानियल तिला नंदुरबारला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हा संधिवात साधा नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे. त्यांनी हातांचा एक्स-रे काढला आणि एक गोळी दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची. प्रिस्किला ती रविवारी घ्यायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं रविवारची गोळी. तिने सूज बरीच उतरली. पण सोमवारचा सगळा दिवस मळमळण्यात जायचा.

रूपीबाईला ते बघवायचं नाही. “ह्या गोळीला आमंत्रण कोणी दिलं होतं?” असं ती पुटपुटायची.

अशात ममता आली. लोणखेड्याची, शेतकरी गुजर घरातली मुलगी, कॉलेजात झाडपाल्यावर संशोधन करणारी. नंदुरबारला गाडी बदलून यायची, पाड्यावरच्या शाळेच्या मास्तरांच्या घरी मुक्काम करायची. बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची, आणि प्रश्न असे विचारायची की उत्तर देणाऱ्याला आपण शहाणे आहोत असं वाटावं. रूपीबाईला ती आवडली.

“मावशी, सांधा सुजतो तेव्हा आत काय होतं, तुम्ही काय समजता?”

रूपीबाईने तिला खरवडणारा आणि लिंपणारा सांगितला. ममताने वही मिटून मांडीवर ठेवली.

“अहो, हे तर बरोबर आहे,” ती म्हणाली. “आमच्या पुस्तकात हेच आहे. शरीरात अशी विकरं असतात, एन्झाइम. ती जुनं काढतात म्हणून नव्याला जागा होते. एरवी ती लगामात असतात. सांधा पेटला की लगाम सुटतो. मग ती कूर्चा खातात, हाड खातात, स्नायूंच्या दोऱ्या खातात. आणि पेटलेल्या जागी ठिणग्या उडत असतात, त्यांनी ती आणखी चेकाळतात. तुमच्या सालीत ठिणग्या झेलणारी द्रव्यं आहेत. ॲन्टिऑक्सिडंट म्हणतात. त्या खाणाऱ्याच्या पोटात जस्ताचा कण असतो, कदाचित तुमची साल तोही धरून ठेवत असेल. त्याचं नाव माहीत आहे का मावशी? मॅट्रिक्स मेटॅलो...”

रूपीबाईचा पंजा तिच्या तोंडावर बसला. चष्मा खाली पडला.

पण उशीर झाला होता. हात तोंडावर असतानाच ममताने ते लांबलचक नाव पुरं केलं. सवयीने, हसत, बोटांच्या फटीतून. दुपारचे बारा वाजले होते. कोंबड्या उकरायच्या थांबल्या, असं प्रिस्किला पुढे सांगायची. मला ते खरं वाटत नाही.

“झालं,” रूपीबाई म्हणाली. “आता त्याला घर कळलं.”

ममताने चष्मा उचलला, माफी मागितली. जुन्या माणसांच्या अशा गोष्टी तिला ठाऊक होत्या आणि ती त्यांना हसणारी नव्हती. त्या खेपेस डॉक्टर प्रिस्किलाच्या गुडघ्यातलं पाणी काढणार होते. त्यातलं थोडं मला तपासायला द्याल का, असं तिने प्रिस्किलाला विचारलं, कागद वाचून दाखवला, सही घेतली. सोबत बिबळ्याच्या सालीचं पाणी नेलं.

दिवाळीनंतर दानियल ऊसतोडीला बारडोलीकडे गेला आणि तीन दिवसांनी ममता परत आली. पिशवीतून तिने काळ्या फिल्मची एक पट्टी काढली, बोटभर लांबीची.

“बघा. ही जुन्या पद्धतीच्या एक्स-रेची कोरी काळी फिल्म. हिच्यावर जिलेटिनचा थर असतो, कुडाला शेणमाती असते तसा. काळा रंग त्या थरात. मी ह्यावर प्रिस्किलाच्या गुडघ्यातल्या पाण्याचा एक थेंब ठेवला, अंगाइतक्या उबेत. दुसऱ्या दिवशी धुतलं.”

पट्टी तिने उन्हात धरली. काळ्यात एक गोल भोक दिसत होतं. भोक नव्हे, काचेसारखं आरपार प्लॅस्टिक होतं तिथे, स्वच्छ. थर तेवढाच गेला होता, कोणी जिभेने चाटून घ्यावा तसा. आणि शेजारी दुसरी जागा, तिथे नुसता फिकट डाग.

“इथे तोच थेंब, पण तुमच्या सालीच्या पाण्यात मिसळून. इथे त्याला खाता आलं नाही.”

रूपीबाईने पट्टी हातात घेतली आणि डोळ्याला लावली. त्या गोल खिडकीतून तिला प्रिस्किला दिसली, चुलीपाशी बसलेली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. रूपीबाई बराच वेळ बघत राहिली.

“मावशी, पण एक लक्षात ठेवा,” ममता म्हणाली. “काचमा चालस ते आंगमा चालीच असं नही. प्रयोगाच्या काचेत चालतं ते अंगात चालेलच असं नाही. पोटात गेल्यावर किती उरतं, सांध्यापर्यंत किती पोचतं, अजून काहीच माहीत नाही. गोळी चालूच ठेवायची.”

रूपीबाईने मान डोलावली. तिने पुढचं ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं जो माणूस नुसता सांगितला, त्याच्या दातांची खूण आज तिने उन्हात बघितली होती. आणि त्याला कुठे अडवायचं, तेही तिला कळलं होतं. निदान तिला तसं वाटलं.

नंदुरबारच्या त्या दवाखान्यात एक्स-रेची फिल्म अजून पाण्यात धुऊन काढत. प्रिस्किलाच्या हातांची ती मोठी फिल्म पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली होती. ममता गेल्यावर रूपीबाईने ती काढली. काळ्यावर दोन पांढरे हात, बोटं पसरलेली, एकेक कांडं वेगळं. तिने ती आतल्या कुडावर चार खिळ्यांनी ठोकली. तिच्यालेखी ती आता प्रिस्किलाचा कूडच होती. गिलावा आहे, आत कामट्या आहेत, आणि खाणारा बाहेर बसला आहे. मग करायचं काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारायची गरज नाही. तिने झाडाला तांदूळ ठेवले, साल आणली, तिचं पाणी काढलं, त्यात लाल माती आणि ताजं शेण कालवलं, आणि त्या दोन हातांवर पातळ लिंपण घातलं. रोज सकाळी सुकलेल्यावर नवा हात फिरवायची.

“आई, हे काय?” प्रिस्किला म्हणाली.

“तुझे हात आहेत ते. मी सांभाळते. आता ती गोळी नको.”

प्रिस्किलाने तीन रविवार गोळी घेतली नाही. सोमवारी ती हसत उठायची, पोटभर जेवायची. तिला वाटलं, सासूने जिंकलं. गोळीचा जोर अंगात काही आठवडे राहतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात मनगटाच्या वर सूज आली, मऊ, उशीसारखी. दुखत फार नव्हतं. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष कुडाकडे होतं.

नाताळाच्या आधी रूपीबाईने जुनं लिंपण काढून नवं घालायचं ठरवलं. ओल्या फडक्याने तिने माती पुसली. उजव्या हाताची करंगळी तिथे नव्हती.

तिने पुन्हा पुसलं. तीन बोटं होती. अंगठा होता. करंगळीच्या जागी नुसता स्वच्छ पारदर्शक पट्टा, आणि त्यातून मागच्या कुडाची कामटी दिसत होती. तिने फिल्मवरून बोट फिरवलं. काळा चिकट लगदा बोटाला लागला. तिने तो पदराला पुसला, कोणाला काही न सांगता नवी माती कालवली आणि दुप्पट जाड लिंपण घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रिस्किला भाकरी थापायला बसली आणि म्हणाली, “आई, ही बघा गंमत.”

तिने उजवा हात पालथा पुढे केला. बोटं सरळ केली. तीन बोटं उठली. करंगळी खालीच लोंबत राहिली. दुखत नव्हतं. सूज वाढलेली नव्हती. डाव्या हाताने ती वर उचलली की वर यायची, सोडली की पडायची, मान टाकलेल्या पाखरासारखी.

“काल होती का अशी?”

“काल तर घागर उचलली मी.”

प्रिस्किला हसत होती. मग सासूचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. रूपीबाई आत गेली आणि तिने कुडावरचं लिंपण दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं. करंगळीशेजारच्या बोटाची वरची दोन कांडी गेली होती. तिसरं कांडं धुकं लागल्यासारखं पुसट झालं होतं.

त्या दिवशी तिने पाड्यावर पहिल्यांदा कोणापुढे हात जोडले. मास्तरांकडे जाऊन म्हणाली, “टेकडीवर चला, तिथे फोन लागतो. त्या पोरीला बोलवा. म्हणावं, तू हाक मारली होतीस, आता तूच ये.”

ममता दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. आधी तिने प्रिस्किलाचा हात बघितला, मग कूड. चिडली की ती आपल्या अहिराणीवर यायची.

“हाई काय करी टाकं मावशी? आनि गोळ्या? गोळ्या कोनी बंद कयात?”

“मी.”

“मी तुले काय सांगेल व्हतं!”

“सांगितलं होतंस. कुडासारखं असतं असंही तूच सांगितलं होतंस.”

ममता खाली बसली. मग शांत आवाजात बोलायला लागली. शेणात, मातीत डोळ्याला न दिसणारे जंतू असतात. त्यांच्याकडेही खाणारी विकरं असतात, त्याच जातीची. रोज ओल मिळाली, ऊब मिळाली, त्यांनी जिलेटिन खाल्लं. सालीचं पाणी त्या मानाने फार थोडं पडलं. करंगळी आधी गेली कारण त्या कोपऱ्यात ओल जास्त साचत होती. फिल्मचा आणि प्रिस्किलाच्या हाताचा काही संबंध नाही. मनगटावर सूज आहे, तिच्याखालून बोटं उचलणाऱ्या दोऱ्या जातात. गोळी बंद झाल्यावर सूज पेटली आणि खाणाऱ्याने ती दोरी झिजवली, तुटली. ह्या आजारात करंगळीचीच दोरी बहुतेक आधी तुटते.

“आणि मग कुठली?” रूपीबाईने विचारलं.

ममताने आधी प्रिस्किलाकडे बघितलं. “शेजारची,” ती म्हणाली.

रूपीबाईने कुडावरच्या त्या पुसट कांड्याकडे बोट दाखवलं.

“मावशी, तो योगायोग आहे.”

“जिलेटिन कशाचं करतात?”

“जनावरांच्या कातड्याचं. हाडांचं.”

“मग संबंध नाही कसा?”

ममताकडे ह्याचं उत्तर होतं, पण ते द्यायला वेळ नव्हता. प्रिस्किला रडायला लागली होती. “माझी बाकीची बोटं राहतील का, तेवढं सांगा,” ती म्हणाली. “एका हाताने कुणी भाकरी थापते का?”

ममता आली होती त्याच गाडीने तिघी नंदुरबारला गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यांनी शेजारचं बोट हलवून बघितलं, मनगटावर कान ठेवावा तसं बोट ठेवलं. “ही दोरी झिजली आहे, पण आहे,” ते म्हणाले. “आठवडाभरही थांबू नका.” दानियलला बारडोलीहून बोलावलं. सुरतच्या मोठ्या दवाखान्यात प्रिस्किलाचं मनगट उघडलं, सुजलेला भाग साफ केला, आणि करंगळीची तुटलेली दोरी शेजारच्या बोटाच्या दोरीला बांधली. रविवारची गोळी पुन्हा सुरू झाली, सोबत मळमळीसाठी दुसरी एक. ती दुसरी गोळी आधीच मागितली असती तर, असं ममता म्हणाली आणि मग खिडकीबाहेर बघत बसली. तिने वहीत ते सगळं लिहून घेतलं, आपली चूकही. मी ते पान वाचलं आहे.

उन्हाळा लागला तोवर प्रिस्किलाची मूठ वळायला लागली. करंगळी एकटी उठत नाही, शेजारणीबरोबर उठते. शेजारचं बोट टिकलं. भाकरी पूर्वीसारखी गोल होत नाही, पण होते. घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

रूपीबाईला नाही.

तिने लोकांना साल देणं थांबवलं. ओट्यावर कोणी आला तर म्हणायची, “डॉक्टरकडे जा, गोळी घे, आणि मध्येच सोडू नको.” फिल्म तिने कुडावरून काढली नाही आणि कोणाला काढूही दिली नाही. लिंपण मात्र थांबलं होतं. दोन पांढरे हात तिथे होते, उजव्याला करंगळी नाही, शेजारचं बोट नाही. रोज सकाळी ती आधी फिल्म बघायची, मग चुलीपाशी येऊन प्रिस्किलाचा हात बघायची. फिल्मवर जे बोट गेलं होतं, ते हाताला अजून होतं.

“आई, डॉक्टर म्हणाले ना, गोळी चालू आहे तोवर भीती नाही,” प्रिस्किला म्हणायची.

“डॉक्टर बरोबर आहेत. गोळीने तो थांबलाय.”

“मग?”

“थांबलाय. गेला नाही.”

एप्रिलमध्ये रूपीबाई हळू बोलायला लागली. ताट वाढताना पाट एक जास्त मांडायची. दारातून आत येताना क्षणभर अंग चोरून उभी राहायची, जणू मागच्याला आधी जाऊ द्यायचं आहे. दानियल चिडला. “आई, पाड्यावर लोक हसतात.” ती म्हणाली, “हसू दे. हसण्याने त्याला राग येत नाही.” पाळक प्रार्थनेला आले. ती प्रार्थनेला बसली, डोळे मिटले, आमेन म्हणाली. मग पाळकांना दारापर्यंत सोडायला गेली आणि म्हणाली, “तुम्ही देवाला सांगितलंत, बरं केलंत. पण बोलावलं माझ्या ओट्यावर. घालवायला मलाच लागेल.”

“कुठे घालवणार?”

“जिथून मी आले तिथे, माहेरच्या गावी. तिकडे आता माझं कोणी उरलं नाही. त्याला खरवडायला एकही बोट नाही.”

मे महिना संपत आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. दानियल छपरावर बसून पावसाआधीची कौलं परतत होता. प्रिस्किला दारात तांदूळ निवडत होती. रूपीबाई आतून आली. धुतलेलं लुगडं, कपाळाला काही नाही, पायात चपला नाहीत, हातात पिशवीसुद्धा नाही. ती सुनेसमोर उकिडवी बसली आणि तिने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. करंगळीशेजारचं बोट तिने मुळापासून टोकापर्यंत दाबून बघितलं, एकेक कांडं, पेरू बघावा तसं.

“रविवारची गोळी चुकवू नको,” ती म्हणाली.

“नाही चुकवणार. तुम्ही निघालात कुठे उन्हाचं?”

रूपीबाईने तिला उत्तर दिलं नाही. ती उठली, घराकडे तोंड करून उभी राहिली आणि आतल्या अंधाराकडे बघून, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, “चला. माझे हात म्हातारे आहेत, पण खूप आहे त्यांत खरवडायला.”

मग तिने ते नाव घेतलं. ममताने एकदाच, बोटांच्या फटीतून उच्चारलेलं ते लांबलचक नाव, सात-आठ महिन्यांनी, एकही अक्षर न चुकता. प्रिस्किलाच्या हातातलं सूप कलंडलं.

अंगणाचं बांबूचं फाटक तिने उघडलं. एका माणसाला लागतं त्याहून जास्त. आधी ती स्वतः बाहेर पडली, थोडी थांबली, मग फाटक हळूच लावलं, कोणाचं बोट सापडू नये तसं. उतरणीला लागली. डावा हात जरा मागे धरला होता, चालायला शिकणाऱ्या पोराला बोट द्यावं तसा. पाठ ताठच होती.

प्रिस्किलाला दारातून पहिल्या वळणापर्यंत दिसली. दानियल छपरावर होता, त्याला पुढचंही दिसलं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. नदीकडच्या उघड्या माळावर झाड नाही, सावली नाही, ऊन नुसतं पांढरं. तिथे ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा मागे वळून, खाली बघून, काहीतरी बोलली. मग पुन्हा चालायला लागली, आता जरा सावकाश, कोणाच्या तरी छोट्या पावलांना जमेल अशा बेताने. दानियल हातात कौल धरून, ती काठाखाली उतरेपर्यंत, बघत राहिला.